पाच कारणांपैकी एक

स. न. वि. वि.

तुमचा थोरला मुलगा चार महिन्यांपूर्वी अपघातात गेला. मोटारसायकल धाकटा चालवत होता आणि महामार्गावर मागचे दिवे न लावता उभा केलेला ट्रक त्याला अंधारात दिसला नाही. माणसाला इच्छास्वातंत्र्य देऊन देव असे अनर्थ घडू का देतो, आणि सारे आधीच ठरलेले असेल तर दोष कोणाचा, हे तुम्ही पानेच्या पाने भरून विचारले आहे. शेवटी जाता जाता एक ओळ आहे: ‘धाकटा हल्ली ताट घेऊन वरच्या खोलीत जातो.’ मी उत्तर देणार आहे ते या ओळीला.

तुमच्या प्रश्नावर आपल्या परंपरेत पुष्कळ विचार झालेला आहे. ब्रह्मसूत्रांच्या भाष्यात शंकराचार्य ईश्वराला पावसाची उपमा देतात. पाऊस सर्वत्र सारखाच पडतो, भात किंवा जव उगवतो तो आपापल्या बीजामुळे, म्हणून जगातल्या विषमतेचा आणि क्रौर्याचा दोष ईश्वराला लागत नाही. युक्तिवाद बांधेसूद आहे, परंतु सुतकी घरात तो मांडला की ‘मग बीज कोणाचे?’ हा प्रश्न लगेच उभा राहतो, आणि तुमच्या घरात त्याचे उत्तर कोणीही न बोलता ठरून गेलेले दिसते. तुम्ही देवाला जाब विचारत असता, तेव्हा वर बसलेल्या मुलाला आपल्यावरचे आरोपपत्र ऐकू येते.

तुम्ही नित्य गीता वाचता, तर अठरावा अध्याय पुन्हा वाचा. कर्म घडण्याची पाच कारणे तिथे दिली आहेत: अधिष्ठान म्हणजे शरीर, कर्ता, वेगवेगळी साधने, नाना क्रिया आणि पाचवे दैव. असे असताना जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याला नीट दिसत नाही, असे पुढे स्पष्ट म्हटले आहे. त्याच अध्यायात श्रीकृष्ण अर्जुनाला ‘नीट विचार कर आणि तुझ्या इच्छेप्रमाणे वाग’ असेही सांगतो. माणसाचे स्वातंत्र्य खरेच आहे, परंतु ते पाचांतले एक आहे. अंधारात ट्रक सोडून जाणाऱ्याला विसरून सगळा भार एका पोरावर टाकणे हा अन्याय आहे, आणि तो तुमच्या घरात रोज होतो आहे.

देवावर रागवायचे असेल तर खुशाल रागवा. तुकोबांची पहिली पत्नी दुष्काळात अन्न अन्न करीत गेली. ते विठ्ठलाशी कडकडून भांडले आणि तरीही त्याचेच राहिले.

आज रात्री मात्र स्वतः वर जा, त्याला खाली घेऊन या आणि त्याच्या आईसमोर स्पष्ट शब्दांत सांगा: ‘दादाला तू मारलेले नाहीस.’ तो गप्प राहील, कदाचित उठूनही जाईल. तरी उद्या पुन्हा सांगा. जगण्यात अर्थ नाही असे त्याच्या तोंडून निघाले, तर एक दिवसही न दवडता त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही विनामूल्य बोलता येते.