गच्चीवरच्या वेधशाळेची सुरुवात

गच्चीवर दुर्बिणीसाठी छोटी वेधशाळा उभारताना ऑटोमेशनचा, म्हणजे छप्पर वगैरे आपोआप चालवण्याचा, विचार सर्वांत शेवटी करावा. आधी जागा आणि खांब पाहावा. कोल्हापुरातून ध्रुवतारा उत्तर क्षितिजावर जेमतेम १७ अंश उंच दिसतो. त्यामुळे शेजारची इमारत किंवा आपलीच पाण्याची टाकी त्याला झाकत नाही ना, हे दुर्बिणीचा खांब उभारण्यापूर्वीच पाहावे, अन्यथा माउंट (दुर्बीण ज्यावर बसते आणि फिरते तो आधार) ध्रुवाशी जुळवताना दर वेळी दमछाक होते. खांब स्लॅबच्या मधोमध न घेता इमारतीच्या कॉलमच्या डोक्यावर घ्यावा आणि भोवतीची फळ्यांची जमीन त्याला कोठेही टेकू देऊ नये, कारण तुमचे प्रत्येक पाऊल छायाचित्रात उमटते.

सरकते छप्पर पहिला हिवाळाभर हातानेच उघडावे. पुढे मोटर बसवाल तेव्हा दुर्बीण आडवी झाल्याशिवाय छप्पर हलू न देणारा स्विच थेट मोटरच्या वायरिंगमध्ये घ्यावा. सॉफ्टवेअरवर विसंबू नये. वळवाच्या पावसात वीज हमखास जाते, म्हणून मोटरला स्वतंत्र बॅटरी हवीच. जून ते सप्टेंबर मात्र भिंगे सिलिका जेलसह घरातच ठेवावीत, नाहीतर बुरशी धरते.