गुरूचा लाल डाग येत नाही? आधी गच्चीवरून खाली उतरा

लातूरहून तुम्ही विचारलंय की आठ इंची डॉब्सोनियनला (साध्या बैठकीवर हाताने ढकलायची आरशाची दुर्बीण) कॅमेरा लावून गच्चीवरून गुरूचे व्हिडिओ घेतले, पण दोन पुसट पट्ट्यांपलीकडे काही येत नाही. तर शहराच्या उजेडाचा दोष आहे का, आणि दहा इंची घ्यावी का?

पैसे खिशातच राहू द्या. उजेडाचंही सोडा, गुरूला तो आडवा येत नाही. २००६ मध्ये गुरूवरचं ‘ओव्हल बीए’ हे पांढरं वादळ तांबूस झालंय, हे ख्रिस्तोफर गो या हौशी निरीक्षकाने फिलिपिन्समधल्या सेबू शहरातून टिपलं होतं. तुमचा शत्रू आहे पायाखालचा स्लॅब. दिवसभर तापतो आणि अर्धी रात्र ती ऊब सोडत बसतो. व्हिडिओत गुरूची कड उकळत्या दुधासारखी हलतेय ना, ती बरीचशी त्याची कृपा.

मी अंबाजोगाईत पहिली दोन वर्षं हेच केलं. जेवण उरकून नऊला गच्चीवर, दुर्बीण घरातून तश्शीच गरम उचललेली. एकदा वैतागून डिसेंबरात पहाटे ती शेतात नेली, हरभऱ्याच्या कडेला. आई म्हणाली, "एवढ्या गारठ्यात काय बघायलास रे?" तासभर आरसा गार होऊ दिला आणि त्याच आठ इंचीतून उत्तर पट्ट्याच्या कडेला लोंबणाऱ्या निळसर झालरी दिसल्या. मी तोवर त्या लोकांच्या फोटोतच पाहिल्या होत्या. शेत नसेल तर मातीचं अंगण चालेल. फक्त शेजारी पत्र्याचं शेड नको.

आपल्याला एक गोष्ट फुकट मिळालीय. १० जानेवारी २०२६ च्या प्रतियुतीला, म्हणजे गुरू आकाशात सूर्याच्या बरोबर समोर आला तेव्हा, तो मिथुन राशीत होता, म्हणजे मराठवाड्यात जवळजवळ डोक्यावरून गेला. युरोपात तो एवढा वर येत नाही; तो खाली असतो त्या वर्षांत तिथले लोक क्षितिजाकडच्या जाड हवेतून बघतात आणि रंग फाकू नयेत म्हणून जास्तीची भिंगं लावतात. ऐन डोक्यावर मात्र डॉब्सोनियन ढकलणं जिवावर येतं, म्हणून मी त्याच्या तासभर आधी किंवा नंतर घेतो.

आता लाल डाग, म्हणजे गुरूवरचं प्रचंड वादळ. गुरू ९ तास ५५ मिनिटांत स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे निम्मा वेळ डाग पलीकडेच असतो. आज रात्री ९ ला तो मधोमध दिसला तर परवा साधारण १० वाजून ३८ मिनिटांनी दिसेल. उद्या त्या वेळी त्याची वाट बघू नका. आणि जुन्या पुस्तकातल्या चित्राएवढा तो राहिलेला नाही: १९७९ मध्ये व्हॉयेजरच्या वेळी सुमारे २३ हजार किलोमीटर रुंद होता, २०१४ मध्ये हबलने मोजला तेव्हा साडेसोळा हजार. दक्षिण पट्ट्याला खालून पडलेली खोबण शोधा, डाग तिच्यातच बसलेला असतो.

याच फिरण्यामुळे व्हिडिओ दोन मिनिटांपेक्षा लांबवू नका. तेवढ्यात मधला भाग जवळजवळ अर्धा आर्कसेकंद (एका अंशाचा ३६०० वा भाग म्हणजे एक आर्कसेकंद) सरकतो, आणि आठ इंचीची बारकावे वेगळे करण्याची हद्दही तेवढीच. तुमचा कॅमेरा २.९ मायक्रॉन पिक्सेलचा आहे, त्याला साधारण एफ/१५ लागतं, म्हणजे फोकल लांबी आरशाच्या व्यासाच्या पंधरापट. एफ/६ च्या नळीला अडीचपट बार्लो (फोकल लांबी वाढवणारं भिंग) पुरे. गुरूच्या मागे दुर्बीण फिरवणारी मोटर नसली तरी अडत नाही. कॅमेरा असा फिरवा की गुरू चौकटीच्या लांबीतून सरकेल. १९२० पिक्सेलची चौकट तो पंचवीसेक सेकंदांत ओलांडतो, म्हणजे दोन मिनिटांत तीन-चार फेऱ्या. त्या पिप या सॉफ्टवेअरमध्ये जोडून गुरू मध्यावर आणा, मग चांगल्या फ्रेम निवडून एकावर एक रचणारं ऑटोस्टॅकर्ट. एक्स्पोजर दहा मिलिसेकंदांच्या आत, त्यासाठी कॅमेऱ्याचा गेन (सिग्नल वाढवण्याचं प्रमाण) वाढला तर वाढू द्या. आरशाचं कॉलिमेशन, म्हणजे आरसे एका रेषेत आहेत का ते, दर वेळी ताऱ्यावर तपासा. जीपमधून खडखडत नेलेली दुर्बीण जागेवर राहत नाही.

फोटोला धार लावणाऱ्या रजिस्टॅक्स सॉफ्टवेअरमध्ये हात आवरा. तुम्ही पाठवलेल्या दुसऱ्या फोटोत कडेला आतून जी गोल रेघ दिसतेय, ती गुरूवर नाही, वेव्हलेटचे (धार वाढवण्याचे) स्लायडर ताणल्याने आलीय. पुढच्या वेळी धार न लावलेला स्टॅकही (फ्रेम रचून झालेला फोटो) टाका आणि व्हिडिओची सुरू-बंद वेळ लिहा. वेळ असली की त्या क्षणी डाग समोर होता की पाठीमागे, ते लगेच काढून सांगतो.