उत्तर: 2004 चा काल्पनिक प्लेऑफ का बिघडतोय

तुम्ही 2004 च्या अमेरिकन कॉलेज फुटबॉल हंगामाचा बारा संघांचा काल्पनिक प्लेऑफ एक्सेलमध्ये मांडलात आणि तो हजारदा चालवलात. लुइव्हिल दर वेळी वर सरकतंय आणि कॅल (कॅलिफोर्निया विद्यापीठाचा संघ) पहिल्याच फेरीत गारद होतंय, असं का, हा तुमचा प्रश्न. तक्ता पाहिल्यावर लगेच ओळख पटली, कारण याच चुकीपायी माझे अकरा हंगामांचे तक्ते फुकट गेले होते. तुमची सूत्रं ठीक आहेत. बिघाड पहिल्या रकान्यात आहे: मानांकनासाठी तुम्ही एपीची (असोसिएटेड प्रेस वृत्तसंस्थेची) शेवटची क्रमवारी घेतली आहे.

एपीची शेवटची क्रमवारी 1968 पासून बाउल (नियमित हंगामानंतरचे निमंत्रितांचे) सामने संपल्यावर जाहीर होते (त्याआधी फक्त 1965 मध्ये तसं झालं होतं). म्हणजे जानेवारीतले निकाल तुम्ही डिसेंबरच्या मानांकनात घातलेत. काल्पनिक प्लेऑफमध्ये ते बाउल सामने झालेलेच नाहीत, मग त्यांचे गुण संघांना कसे मिळतील?

5 डिसेंबर 2004 ची बीसीएस यादी (तेव्हा अंतिम सामन्याचे दोन संघ ठरवणारी क्रमवारी) शेजारी ठेवून पाहा. त्यात कॅल पाचवं आहे. हॉलिडे बाउलमध्ये टेक्सास टेककडून 45-31 असं हरलं आणि एपीत नववं झालं, त्यामुळे तुमच्याकडे त्याचा घरचा सामना गेला आणि त्याला आयोवाच्या मैदानावर जावं लागलं. लुइव्हिल डिसेंबरात दहावं होतं, लिबर्टी बाउलमध्ये बॉइझी स्टेटला 44-40 हरवून सहावं झालं, म्हणून तुमच्याकडे ते यजमान. आयोवा बारावरून आठवर गेलं, कारण त्यांनी एलएसयूला 30-25 असं अगदी शेवटच्या खेळीवर हरवलं. त्याच एका खेळीमुळे अकरावं एलएसयू तुमच्या बारांतून बाहेर पडलं आणि चौदावं मायमी आत आलं. एवढं सगळं एका चुकीच्या तारखेमुळे झालं.

हीच गळती तुमच्या दुसऱ्या रकान्यातही आहे. संघाच्या पानावरची जय-पराजयाची नोंद बाउल धरून असते. युटाचे 12-0 दिसतात, पण डिसेंबरात ते 11-0 होते. 2002 पासून खेळाडूंच्या अधिकृत आकडेवारीतही बाउल धरतात, त्यामुळे सरासरी यार्ड वगैरे उचलत असाल तर तेही वजा करा. संगणकी रेटिंग (संघाच्या ताकदीचा गणिती आकडा) घेतलं असेल तर ते कोणत्या तारखेचं आहे हे पाहा. तारीख कळत नसेल तर ते टाकून द्या.

मग घ्यायचं काय? 2014 पासून प्लेऑफचे संघ निवडणाऱ्या समितीची डिसेंबरातली शेवटची यादी, 1998 ते 2013 साठी बीसीएसची शेवटची यादी आणि त्याआधी एपीची बाउलपूर्वीची शेवटची यादी. बाउल खेळायला बंदी असलेल्या संघांनाही एपी क्रमांक देते, हे लक्षात ठेवा. 2012 चं ओहायो स्टेट 12-0 असूनही अपात्र होतं. एपीच्या यादीत ते आहे, बीसीएसच्या नाही. शिवाय 1995 पर्यंतच्या नोंदींत बरोबरीचे सामने असतात, कारण नियमित हंगामात ओव्हरटाइम 1996 मध्ये आला.

बीसीएसवर लोक नाक मुरडतात. 2004 मध्ये शेवटच्या आठवड्यात टेक्सासने कॅलला मागे टाकलं, ते बऱ्याच जणांना अजून खुपतं, आणि त्यानंतर एपीनेही आपली क्रमवारी बीसीएसला वापरू देणं थांबवलं. तरी तीच यादी घ्या, असं माझं ठाम मत आहे, कारण त्या रविवारी खेळाडू आणि प्रशिक्षकांसमोर तीच होती.

त्या यादीनुसार यूएससी, ओक्लाहोमा, ऑबर्न आणि टेक्सास यांना बाय (पहिली फेरी न खेळता थेट पुढे). पहिली फेरी: कॅल-आयोवा, युटा-एलएसयू, जॉर्जिया-लुइव्हिल, व्हर्जिनिया टेक-बॉइझी स्टेट. दोन्ही मानांकनांची बेरीज 17 आली पाहिजे. सर्वांत वरचे पाच कॉन्फरन्स (संघांचे साखळी गट) विजेते (यूएससी, ओक्लाहोमा, ऑबर्न, युटा, व्हर्जिनिया टेक) पहिल्या बारांत आहेतच, त्यामुळे विजेत्यांसाठी जागा राखून ठेवण्याचा नियम इथे काहीच बदलत नाही. तेरावं मिशिगन बाहेर राहतं, तेही बिग टेन कॉन्फरन्सचं संयुक्त विजेतं असून आणि आयोवाला 30-17 हरवूनही. मलाही ते टोचतं. पण यादी उघडण्याआधी नियम ठरवा आणि नंतर त्याला हात लावू नका.

बाय फक्त विजेत्यांना देणारा 2024 चा नियम वापरू नका. त्यात क्रमवारीतलं नववं बॉइझी स्टेट आणि बारावं ॲरिझोना स्टेट यांना तिसरं-चौथं मानांकन मिळालं, तिसरं टेक्सास पाचवं झालं, आणि अव्वल ओरेगनसमोर उपांत्यपूर्व फेरीतच ओहायो स्टेट उभं राहिलं. पुढच्याच वर्षी नियम बदलला. पुन्हा गाठ पडते म्हणूनही जोड्या हलवू नका. यूएससी-व्हर्जिनिया टेक आणि ऑबर्न-एलएसयू या लढती हंगामात झालेल्या होत्या. पुन्हा झाल्या तर होऊ द्या.

रेटिंग स्वतःच काढणं उत्तम. 4 डिसेंबरपर्यंतचे सगळे निकाल घ्या, विजयाच्या गुणफरकाला 24 गुणांची मर्यादा घाला, संघाचा सरासरी फरक अधिक प्रतिस्पर्ध्यांचं सरासरी रेटिंग असं आकडे स्थिरावेपर्यंत फिरवा. खालच्या विभागातले सगळे संघ मिळून एकच संघ धरा, नाहीतर आकडे भरकटतात. पहिल्या फेरीत यजमानाला 2.5 ते 3 गुण, पुढे शून्य. निकालातल्या गुणफरकाचं प्रमाण विचलन मी 16 धरतो (कोणी 15 धरतं, फार फरक पडत नाही). मग 7 गुणांनी वरचढ संघ साधारण 67 टक्के वेळा जिंकतो. एक्सेलचं रँड (यादृच्छिक आकडा देणारं सूत्र) दर बदलाला नवे आकडे देतं, म्हणून प्रत्येक फेरीचे निकाल व्हॅल्यूज म्हणून पेस्ट करा.

जुन्या टायब्रेकरसाठी (बरोबरी झाल्यास विजेता ठरवण्याच्या नियमासाठी) कॉन्फरन्सच्या कार्यालयाच्या नादी लागू नका. एका कार्यालयाने तीन पत्रांनंतर चालू वर्षाची पुस्तिका पाठवली आणि जुनी ठेवत नाही असं कळवलं. नियम ज्यांनी केले त्यांच्याकडेच ते नसावेत, याचा राग अजून जात नाही. त्या डिसेंबरातली स्थानिक वर्तमानपत्रं चाळा, बरोबरी झाली असेल तर त्यांत नियम कलमासकट छापलेला सापडतो.

2004 जुळला की 2007 घ्या. तिथे आठवडाही जपून निवडा: 25 नोव्हेंबरच्या यादीत एलएसयू सातवं आहे आणि 2 डिसेंबरच्या यादीत दुसरं. तुम्हाला 2 डिसेंबरची हवी.