लेहला निघण्याआधी एवढं लक्षात ठेव

खानापूर-जांबोटीच्या चढांवर तू पाय चांगले कमावलेस, पण तेवढ्याने विरळ हवा झेपत नाही. बेळगाव साधारण 750 मीटरवर, लेह 3500 वर. विमानातून उतरताच श्वास आणि ठोके वाढतील. ही शरीराची तात्पुरती सोय. दम इथेच खर्ची पडला, तर चढाला काय उरणार?

उंचीवरचा मुक्काम टिकला, की शरीराचं काम खोलवर जातं. मूत्रपिंडं पहिल्याच दिवशी एरिथ्रोपोएटिन, म्हणजे तांबड्या पेशी बनवायला सांगणारं संप्रेरक, वाढवतात, पण अस्थिमज्जेतून पुरेशा जादा तांबड्या पेशी यायला आठवडे लागतात. त्यालाही किंमत आहे, कारण रक्त फार दाट झालं की हृदयावर ताण येतो. तिबेटी लोकांत तर हजारो वर्षांत बदल जनुकांत उतरलाय: ईपीएएस-1 या जनुकाचं त्यांच्यातलं रूप हिमोग्लोबिन अवाजवी वाढू देत नाही. मला हे फार विलक्षण वाटतं.

तुझ्याकडे सुट्टी मोजकीच. तरी पहिले दोन दिवस आरामच कर. पुढे मुक्कामाची उंची रोज 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नकोस. डोकं दुखून उलटी झाली तर वर चढायचं नाही. चालताना तोल जाऊ लागला तर रात्र असली तरी खाली उतर.