आधी वार बघा, मग गाडी ठरवा

गणपती उठले की आमच्याकडे दिवाळीच्या सुट्टीची पत्रं सुरू होतात, आणि त्यात निम्मी पत्रं एकाच साच्यातली असतात: दोन दिवसांत सहा ठिकाणं बसतील का? बसतात हो, गाडीत बसतात. बघून होत नाहीत. या वेळी निवडक पत्रं घेतलीयत, बाकीच्यांना पुढच्या अंकात उत्तर देते.

प्रश्न: आम्ही अमळनेरचे. दिवाळीनंतर घरचे अकरा जण निघतोय, सासूबाई सत्तरीच्या आहेत आणि दोन लहान पोरं. अजिंठा, वेरूळ, घृष्णेश्वर, दौलताबाद, बीबी का मकबरा, पाणचक्की असं सगळं दोन दिवसांत करायचंय. टेम्पो ट्रॅव्हलर ठरवलीय. रविवारची गर्दी नको म्हणून हे सोमवार-मंगळवार म्हणताहेत, चालेल ना? (एक ताई, अमळनेर)

उत्तर: ताई, नाही चालणार, आणि गाडीवाल्याला अजून ॲडव्हान्स दिला नसेल तर बरं. अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी. तुमच्याकडून जाताना पहिलं अजिंठाच लागतं, म्हणजे सोमवारी अजिंठ्याला कुलूप आणि मंगळवारी वेरूळला कुलूप, अकरा जण दोन दिवस नुसते ढाब्यावर शेवभाजी खाऊन परत. दरवर्षी किती तरी लोक असे फर्दापूरहून माघारी फिरतात. रविवारी अजिंठा आणि सोमवारी वेरूळ हे मात्र फिट बसतं. गर्दीचंच टेन्शन असेल तर बुधवार-गुरुवार घ्या, पण मग साहेबांना सुट्टी टाकावी लागेल.

आता पहिला दिवस. सकाळी साडेसहाला निघा, साडेसहा म्हणजे साडेसहा, अकरा जणांच्या घरात याचा अर्थ पाचला सगळ्यांना उठवणं. जळगाववरून गेलात तर नेरी, पहूर, वाकोद करत फर्दापूर, जळगावपासून साठेक किलोमीटर. आपली गाडी लेण्यांपर्यंत जात नाही, फर्दापूरच्या तिठ्यावर पार्किंगला लावायची आणि तिथून एसटीच्या बसने पुढचे चारेक किलोमीटर. हे माहीत नसतं म्हणून लोक डबे, चादरी, पोरांच्या बॅगा सगळं घेऊन उतरतात आणि मग दिवसभर हमाली करतात. एका पिशवीत पाणी, टोपी, पोरांचा खाऊ, बास. पंधरा वर्षांच्या आतल्या पोरांना तिकीट नाही.

सासूबाईंचं काय करायचं ते आधी ठरवा कारण सुरुवातीलाच पायऱ्यांची चढण आहे. तिथे डोलीवाले असतात, भाव बसायच्या आधी ठरवायचा आणि जाऊन-येऊन किती ते स्पष्ट विचारायचं. वर गेलं की एक आणि दोन नंबरचं लेणं लगेच लागतं आणि चित्रांच्या बाबतीत तीच सगळ्यात भारी, पद्मपाणी, म्हणजे हातात कमळ धरलेला बोधिसत्त्व, एक नंबरमध्येच आहे. सासूबाईंनी तेवढं बघून सावलीत बसलं तरी अजिंठा पाहिलं म्हणायला हरकत नाही. बाकीच्यांनी सोळा, सतरा करत सव्वीसपर्यंत जावं, तिथला आडवा पहुडलेला बुद्ध बघितल्याशिवाय फिरू नका. लेण्यात शिरल्या शिरल्या लोक म्हणतात काही दिसतच नाही आणि बाहेर पडतात. अहो, बाहेरच्या उन्हातून आत आलेलं असतं, दोन-तीन मिनिटं एका जागी गप उभं राहायचं, डोळे सरावले की भिंतीवर आधी एक डोळा दिसतो, मग हातातलं कमळ, मग मागची माणसं एकेक करून वर येतात. फ्लॅश मारायला बंदी आहे, पोरांच्या मोबाईलचा आधीच बंद करून ठेवा. आणि लेसचे बूट घालू नका, चित्रांच्या लेण्यांत ते बाहेर काढावे लागतात, दर वेळी वाकून लेस सोडायची म्हणजे वैताग.

मुक्काम संभाजीनगरला. अजिंठ्याहून शंभरेक किलोमीटर आहे, त्यामुळे वेळेत पोचलात आणि कोणी रडत नसेल तर मकबरा, नाहीतर सरळ जेवून झोपा. दुसऱ्या दिवशी हॉटेलच्या नाश्त्याची वाट बघत बसू नका, वेरूळ सूर्योदयाला उघडतं आणि कैलास लेणं, म्हणजे सोळा नंबर, सकाळी कोवळ्या उन्हात बघायची मजा वेगळीच. आधी वरच्या कडेवरून चक्कर मारली की ते वरून खाली खोदत आणलंय हे नीट कळतं. मग घृष्णेश्वर, ते अगदी लागूनच आहे. गाभाऱ्यात जायचं तर पुरुषांना शर्ट-बनियन काढावं लागतं, भावजी लाजरे असतील तर आधीच सांगून ठेवा. दौलताबाद सरळ सोडा. पायऱ्या खूप, मधे वटवाघळांची अंधारी, लहान पोरं आणि सत्तरीची बाई घेऊन तिथे काय करणार. पाणचक्कीही सोडा. परतताना कन्नड-चाळीसगावकडून येत असाल तर घाट अंधाराच्या आत उतरायचा.

प्रश्न: नोव्हेंबरमध्ये आई-वडिलांना काशीला न्यायचंय. आमचा एजंट म्हणतो चार महिने आधीच बुकिंग करायला पाहिजे होतं, आता वेटिंगच मिळेल. खरंय का? (जळगावचे एक वाचक)

उत्तर: भाऊ, एजंट जुन्या जमान्यात आहे. चार महिन्यांचं ते गेलं, १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आगाऊ बुकिंग साठ दिवस आधी उघडतं, प्रवासाचा दिवस सोडून. म्हणजे २० नोव्हेंबरची गाडी असेल तर २१ सप्टेंबरला सकाळी आठ वाजता. आठ म्हणजे आठ, पावणेआठलाच लॉगिन करून प्रवाशांची नावं-वयं भरून तयार बसा, साडेआठला उठून बघितलं तर वेटिंगच दिसणार आणि मग एजंट खरा वाटणार.

वडील साठच्या पुढे आणि आई पंचेचाळीसच्या पुढे असतील तर खालच्या बर्थचा ज्येष्ठांचा कोटा निवडा, पण त्या तिकिटावर दोघंच ठेवा, तुमचं स्वतःचं वेगळं काढा. सगळे एकत्र टाकले की तो कोटा मिळत नाही आणि मग भुसावळ सुटायच्या आत लोकांना विनवण्या करायच्या की दादा, खालची सीट द्या. भाड्यातली सवलत मात्र विचारू नका, ज्येष्ठांची सवलत रेल्वेने २०२० मध्ये बंद केली ती बंदच आहे.

आरएसी आलं तर घाबरू नका, गाडीत चढता येतं, बाजूच्या खालच्या सीटवर दोघांनी बसून जायचं आणि बऱ्याचदा पुढे बर्थ मिळतोही. पण ऑनलाइन तिकीट चार्ट लागल्यावरही पूर्ण वेटिंगलाच राहिलं तर ते आपोआप रद्द होतं, ते घेऊन चढायचं नाही, विनातिकीट धरतात.

अजून एक, हे जळगाव-भुसावळवाल्यांनी खास लक्षात ठेवायचं. मुंबईहून रात्री सुटलेल्या गाड्या आपल्याकडे मध्यरात्रीनंतर येतात. तिकिटावर २१ तारीख आणि वेळ ००.४० असेल तर २० तारखेची रात्र जेवून स्टेशनवर जायचं असतं. लोक २१ च्या रात्री बॅगा घेऊन हजर होतात आणि गाडी तोवर पार उत्तर प्रदेशात पोचलेली असते. आणि साठ दिवस मोजताना गाडी तिच्या पहिल्या स्टेशनवरून कोणत्या तारखेला सुटते ते धरतात, त्यामुळे अशा गाडीचं बुकिंग तुम्ही मोजलेल्या दिवसाच्या एक दिवस आधीच उघडलेलं असतं.

प्रश्न: आम्ही शिरपूरचे तिघं मित्र बाईकवर तोरणमाळला जातोय, एका दिवसात जाऊन येणं जमेल ना? घरचे पावसाचं कारण सांगून अडवताहेत. (एक कॉलेजकुमार, शिरपूर)

उत्तर: जमेल रे, पण घरचे म्हणताहेत ते अगदीच उगाच नाही. तोरणमाळ साडेतीन हजार फुटांच्या वर आहे, पाऊस चालू असला की घाटात ढग असा उतरतो की पुढच्या गाडीचा लाल दिवाच तेवढा दिसतो. पेट्रोल शहाद्यातच फुल करा, पुढे मिळेल या भरवशावर जाऊ नका. नेटवर्कचंही तसंच आहे, म्हणून मॅप आधी डाउनलोड करून ठेवा आणि घरी सांगून ठेवा की अमुक वाजता शहाद्याला उतरून फोन करू. तो फोन केला की पुढच्या वेळी घरचे अडवणार नाहीत, हा फायदा वेगळाच.

वर गेलात की आधी सीताखाई गाठा. दुपारनंतर ढग भरला की खाली दरी आहे की कापूस आहे ते कळत नाही. मग यशवंत तलाव, वेळ उरला तर खडकी पॉइंट. चारला उतरायला लागा, चहा खाली येऊन प्या. आणि कठड्याच्या बाहेर जाऊन रील काढायचं नाही, शेवाळावर बूट सटकायला एक पाऊल पुरतं.

सातपुड्यातल्या ओढ्यांचं एक सांगते, हे मनुदेवीला किंवा पाटणादेवीच्या केदारकुंडाकडे जाणाऱ्यांनाही लागू आहे. तुम्ही उभे आहात तिथे ऊन असू शकतं आणि वर डोंगरात धो धो पडत असतो. पाणी नितळ होतं ते गढूळ झालं, काड्या-पालापाचोळा वाहत यायला लागला, आवाज बदलला, की बाहेर. टॉवेल, चप्पल, मोबाईल कशासाठीही परत वळायचं नाही. फरशीपुलावरून पाणी जात असेल तर बाईक घालायची नाही, गुडघ्याएवढ्या वाहत्या पाण्यातही गाडी आडवी होते. तासभर थांबलं की बहुतेक वेळा उतरतं.

प्रश्न: सहा मित्र, धुळ्याहून ओंकारेश्वर-उज्जैन, भाड्याची गाडी. मागच्या ट्रिपला पैशावरून इतकी भांडणं झाली की दोघं अजून बोलत नाहीत. गाडीवाल्यानेही ऐनवेळी जास्त लावले. काय करावं? (देवपूर, धुळे)

उत्तर: दोघं बोलत नाहीत त्याला माझ्याकडे उपाय नाही, गाडीवाल्याचं सांगते. नुसतं 'किलोमीटरला किती' विचारू नका. दिवसाला कमीत कमी किती किलोमीटर धरणार ते विचारा, बरेच जण तीनशे धरतात, म्हणजे तुम्ही उज्जैनला दिवसभर महाकालच्या रांगेत उभे असलात तरी तीनशेचे पैसे द्यायचेच. मीटर गॅरेजपासून गॅरेजपर्यंत की तुमच्या दारापासून? ड्रायव्हरचा भत्ता, रात्रीचा मुक्काम, टोल, पार्किंग कोणाकडे? आणि मुख्य म्हणजे मध्य प्रदेशचा टॅक्स, आपण खान्देशातले लोक दोन तास गाडी चालवली की दुसऱ्या राज्यात असतो आणि हाच खर्च नेमका बोलायचा राहतो. हे सगळं व्हॉट्सॲपवर लिहून घ्या, फोनवरचं बोलणं कोणाला आठवत नाही.

मित्रांसाठी काँट्री. निघताना प्रत्येकाने सारखी रक्कम एकाकडे द्यायची, नाश्ता-जेवण-डिझेल-रूम त्यातूनच, संपली की परत सारखी. ज्याच्याकडे पैसे त्याने रोज रात्री ग्रुपवर हिशोब टाकायचा, दुसऱ्या दिवशी सकाळी नाही. पूजा, प्रसाद, घरच्यांसाठी साड्या आणि ज्याचं त्याचं 'बाकीचं' खाजगी खिशातून. भस्म आरतीला जायचं असेल तर तिचं बुकिंग आधी करावं लागतं, तिथे पोचून बघू म्हटलं की मग दलाल गाठतात.

प्रश्न: एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे तर सुरतला मुलीकडे जातानाही अर्धंच लागेल का? मोठ्या जाऊबाई अठ्ठ्याहत्तरच्या आहेत. (एक आजी, नवापूर)

उत्तर: आजी, अर्धं तिकीट महाराष्ट्राच्या हद्दीपुरतंच. हद्दीपलीकडचं पूर्ण पडणार आणि नवापूर तर हद्दीवरच, त्यामुळे सुरतेला जाताना तुमची बचत नावालाच. जाऊबाईंना पंचाहत्तरच्या पुढे म्हणून राज्यात तिकीट लागतच नाही, पण आधार कार्ड जवळ पाहिजे, कंडक्टरला पांढरे केस दाखवून चालत नाही. तुमच्याकडून सुरतेला ताप्ती लाईनची रेल्वे आहे की, तीच बरी.

प्रश्न: रेल्वेच्या दोन दिवसांच्या प्रवासाला घरून काय न्यावं जे खराब होत नाही? आमच्याकडे सगळ्यांना बाहेरचं बाधतं. (भुसावळहून एक वहिनी)

उत्तर: वहिनी, दशम्या. पाण्याचा थेंब न घालता नुसत्या दुधात-गुळात भिजवलेल्या, नीट शेकून पूर्ण गार करून मगच फडक्यात बांधायच्या. गरम असताना डब्यात घातल्या की आत घाम धरतो आणि दुसऱ्या दिवशी वास येतो, खराब होण्याचं खरं कारण तेच असतं. सोबत शेंगदाण्याची कोरडी चटणी, लसूण जरा जास्त. भरीत न्यायचा मोह होतो, माहितीये, पण ते फक्त पहिल्या जेवणापुरतं, आणि त्यात कच्चा कांदा घालायचा नाही. कळण्याची भाकरी संध्याकाळपर्यंत, त्यानंतर ती दगड. बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, नेऊ नका, पोचेपर्यंत भुगा होतो. केळीचे वेफर्स आपल्याकडे आहेतच. पोरांसाठी ओआरएसची दोन पाकिटं, आणि ज्याला गाडी लागते त्याला उपाशी बसवू नका, थोडं कोरडं खायला देऊन खिडकीशी बसवा, हातात मोबाईल नको. लहान मुलाला उलटीची गोळी द्यायची तर मोठ्यांची अर्धी तोडून देऊ नका, डॉक्टरांना वय-वजन सांगून लिहून घ्या आणि गाडी सुटायच्या अर्धा-एक तास आधी द्या, उलटी सुरू झाल्यावर दिली तर ती गोळीपण बाहेर येते.