लाईक येतात, सह्या येत नाहीत

प्रश्न: इन्स्टाग्रामवर हवामानबदलाविषयीची चित्रकथा टाकतो. लाईक भरपूर, पण सोबतच्या निवेदनावर सह्या जेमतेम. चुकतं कुठे?

उत्तर: आधी साधी गोष्ट तपासा. पोस्टच्या मजकुरातली लिंक तिथे दाबताच येत नाही. ती बायोत किंवा स्टोरीच्या लिंक-स्टिकरमध्ये द्या.

दुसरं कारण कथेतच असतं. पेटलेली पृथ्वी पाहून माणूस हळहळतो आणि पुढे सरकतो. १०८० बाय १३५० पिक्सेलच्या पाच-सहा चौकटी पुरेत. पहिलीत एकच माणूस आणि उन्हामुळे अडलेलं त्याचं एकच काम. मधे कारण. शेवटी एकच मागणी: कोणाकडे, काय, कधीपर्यंत. तीन मागण्या ठेवल्या की वाचक एकही करत नाही.

आकडे दाखवायचे तर हवामानशास्त्रज्ञ एड हॉकिन्स यांच्या २०१८च्या तापमानपट्ट्या बघाच. दर वर्षाची एक उभी पट्टी, सरासरीहून थंड वर्ष निळं, उष्ण वर्ष लाल. अक्षर एकही नाही! लाल-हिरवी जोडी मात्र टाळा, अनेक रंगांधांना ती वेगळी दिसत नाही.

फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत जोडाक्षरं फुटत असतील तर टाइप प्रेफरन्सेसमध्ये वर्ल्ड-रेडी लेआउट हा पर्याय निवडा. फाइल आरजीबीतच, म्हणजे पडद्यासाठीच्या रंगपद्धतीतच ठेवा.