गच्चीवरचं झाड गांजाचं की अंबाडीचं, आणि ते काढायचं कधी?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: बदली होऊन सोलापूरला आलात, विडी घरकुलातल्या ओळखीच्या एका आजींनी मूठभर बी दिलं, जूनच्या शेवटी तुम्ही ते गच्चीवरच्या पिशव्यांत टाकलं. आता सात आठवडे झाले, रोपं कमरेच्या वर गेलीत, पान हाताच्या पंजासारखं आणि कडा करवतीसारख्या. शेजाऱ्यांनी 'हा गांजा आहे, आजच्या आज उपटा' म्हणून धास्ती घातलीय. घरच्या म्हणतात अंबाडी आहे. आणि अंबाडीच असेल तर ती काढणीला आली हे ओळखायचं कसं?

फोटो बघितले. अंबाडी आहे. घरच्यांचं ऐका.

शेजाऱ्यांना मात्र हसू नका. मी जुळे सोलापूरला राहतो. चार वर्षांपूर्वी माझ्या गच्चीवरच्या अंबाडीचा फोटो आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला होता, खाली 'हे काय चाललंय?' आणि तीन लालबुंद चेहरे. दुसऱ्या दिवशी बायकोनं त्याच झाडाची भाजी डब्यांतून चार घरी पाठवली, तेव्हा विषय मिटला. एका घरातून डबा आठवडाभर परत आला नाही, ती गोष्ट वेगळी. आणि फसले ते काही ते पहिले नव्हेत. अंबाडीचं शास्त्रीय नावच हिबिस्कस कॅनाबिनस, म्हणजे गांजासारखी दिसणारी जास्वंद. इंग्रजांच्या काळी तिला 'डेक्कन हेंप' म्हणायचे.

तरी एकदा स्वतः खात्री करून घ्या, कारण सगळ्या पिशव्यांत एकच बी पडलं असेल असं नाही. पान देठाजवळ धरून बघा. अंबाडीचं पान कितीही खोल कातरलेलं असलं तरी ते एकच पान असतं, बोटं तळाशी एकमेकांना जोडलेली. गांजाच्या पानात प्रत्येक बोट सुटं, आपापल्या तळापासून वेगळं निघतं. मग खाली बुडाकडे बघा. अंबाडीची खालची जुनी पानं बहुतेक अखंड, बदामाच्या आकाराची असतात, पंजा वर गेल्यावर फुटतो. तुमच्या तिसऱ्या फोटोत हे स्पष्ट दिसतंय. खोडावरून हात फिरवला तर बारीक काटे लागतील. शेवटी पान चुरगाळून हुंगा आणि जिभेवर ठेवा: आंबट लागलं की विषय संपला. गांजाला उग्र वास येतो, हाताला चिकटपणा येतो, आंबटपणा नसतो. फूल येईपर्यंत थांबलात तर पोरसुद्धा सांगेल. अंबाडी भेंडी-कपाशीच्या घराण्यातली, तिचं फूल मोठं, फिकट पिवळं, मध्ये गडद लाल डोळा. सकाळी उमलतं, दुपारी मिटतं. गांजाचं फूल म्हणजे पाकळ्या नसलेला हिरवा झुबका.

कायद्याचं एकदाच सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाखाली कुणीतरी 'दोन-चार झाडं चालतात' असं लिहून गेलाय. चालत नाहीत. १९८५च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ८ प्रमाणे परवानगीशिवाय गांजाचं झाड लावणं हाच गुन्हा आहे, आणि कलम २०मध्ये त्याला १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड आहे. 'थोडा माल, कमी शिक्षा' हा हिशोब जवळ बाळगलेल्या गांजाला लागतो, लावलेल्या झाडाला नाही. 'गांजाच्या व्याख्येत नुसतं पान येत नाही' हे लोकांनी कुठेतरी वाचलेलं असतं, तेही अर्धवट. पान व्याख्येत नसलं तरी झाड लावायची मोकळीक त्यातून मिळत नाही. गावाकडे शेत असेल तर हेही लक्षात ठेवा: आपल्या जमिनीत कुणी गुपचूप लावलेलं दिसलं तर पोलिसांना ताबडतोब कळवणं कलम ४६ प्रमाणे जमीनधारकावर बंधनकारक आहे. माहीत असून गप्प बसलं तर तोही गुन्हा. झालं. आता अंबाडीकडे या.

'काढणीला कधी येते' याला एक उत्तर नाही, कारण अंबाडीत काढायच्या वस्तू चार आहेत, भाजी, बोंडं, दोराचा वाख आणि बी, आणि प्रत्येकीची वेळ वेगळी. भाजीची वेळ तुमच्याकडे आत्ताच आलीय, खरं तर दोन आठवडे उलटून गेलेत. पेरणीनंतर महिना-सव्वा महिन्यात, रोप दीड फुटाचं झालं की शेंडे खुडायला सुरुवात करायची. ओळख अगदी सोपी: शेंड्याखाली वीतभर अंतरावर खोड वाकवा. 'कट्' करून तुटलं तर कोवळं. वाकलं, सोलटलं, दोरा सुटला तर तिथून खालचं भाजीचं नाही. मग वर सरका आणि जिथं तुटेल तिथं तोडा. सकाळी तोडा. एका वेळी एका झाडाची एक तृतीयांशापेक्षा जास्त पानं घेऊ नका. शेंडा मोडला की बगलेतून फांद्या फुटतात आणि दहा-बारा दिवसांत पुन्हा तोडा येतो. तुमची रोपं एकसुरी उंच गेलीत, म्हणजे शेंडा मोडलेलाच नाही. उद्या सकाळी मोडा.

लक्ष्मी मंडईत गेलात तर हिरव्या देठाची आणि लाल देठाची अशा दोन्ही जुड्या दिसतील. लाल जास्त आंबट. आमच्या शेजारच्या पद्मशाली काकू तिला तेलुगूत पुंटीकूर म्हणतात, माझी मंद्रूपकडची मावशी कानडीत पुंडी पल्या म्हणते, आणि दोघींची खात्री आहे की दुसरीला ती करता येत नाही. मी दोघींकडे जेवतो, त्यामुळे माझं मत विचारू नका. आमच्या घरी पानं उकडून आंबट पाणी पिळून काढतात, मग शिजलेली तूरडाळ, ज्वारीच्या कण्या, भिजवलेले शेंगदाणे, आणि वरून लसणाची फोडणी, तेल हात न आखडता. सोबत कडक भाकरी. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात शिजवू नका, आंबट आहे. आणि ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारून खावी.

गच्चीवरच्या अंबाडीचा एक मान मात्र शेतातल्या अंबाडीला नाही. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नसतं. आमच्या आईला शहरात आल्यापासून हा दरवर्षीचा घोर, की मंडईतली भाजी नांगरलेल्या रानातली की कशातली. पिशवीतल्या अंबाडीनं तो प्रश्न सोडवला. आता ऋषीच्या भाजीत तिचे शेंडे पहिले पडतात.

भाजीची मुदत फुलापर्यंतच. कळी दिसायला लागली की वरची पानं लहान, अरुंद आणि चिवट होतात. अंबाडी दिवसाच्या लांबीवर चालते. दिवस साधारण साडेबारा तासांहून लहान व्हायला लागला, म्हणजे आपल्याकडे ऑगस्टचा शेवट, की तिला फुलायची चाहूल लागते आणि पुढे सप्टेंबर-ऑक्टोबरात ती फुलावर येते. म्हणून उशिरा पेरलेली अंबाडी उंच न होताच फुलते, आणि जूनमध्ये पेरलेली तुमच्यासारखी कमरेच्या वर जाते. इथे एक गंमत सांगतो जी मला दोन वर्षं कळली नव्हती. माझ्या गच्चीच्या एका कोपऱ्यावर रस्त्यावरच्या दिव्याचा रात्रभर उजेड पडतो. त्या कोपऱ्यातली झाडं मागच्या टाकीआडच्या झाडांपेक्षा कितीतरी उशिरा फुलायची. मी खताला दोष देत होतो. रात्रीच्या उजेडामुळे झाडाला दिवस लहान झाल्याचं कळतच नव्हतं. भाजी जास्त दिवस हवी असेल तर दिव्याखाली ठेवा, बोंडं हवी असतील तर अंधारात.

बोंडांची गोष्ट आली की आधी तुमची अंबाडी कोणती हे बघावं लागेल. सरबताची, चटणीची ती गुबगुबीत लाल बोंडं येतात ती लाल अंबाडीला, हिबिस्कस सबदरिफाला. ही त्याच कुळातली दुसरी जात. तिचं खोड बहुधा गुळगुळीत असतं. कॅनाबिनसच्या फुलाखालचा वाटीसारखा भाग मांसल होत नाही, लवेचा आणि टोचरा राहतो, त्याचं सरबत होत नाही. तुमच्या फोटोत खोडावर काटे दिसतात, तेव्हा मला वाटतं तुमच्या नशिबी भाजी आणि दोर, सरबत नाही. पण आजींच्या मुठीत दोन्ही मिसळलेलं असू शकतं. एखादं झाड लाल बोंडाचं निघालंच तर फूल गळल्यावर सुमारे तीन आठवडे थांबा. बोंड भरलेलं, चकचकीत, आणि बोटानं मोडलं तर रसरशीत तुटलं पाहिजे. कात्री लागायला लागली, म्हणजे उशीर झाला. आतली हिरवी बियांची गाठ ढकलून काढायची आणि वरच्या पाकळ्यांसारख्या सालीच वापरायच्या.

दोराचं तुम्ही विचारलं नाही, पण अंबाडीवर लिहून वाखावर, म्हणजे तिच्या सालीच्या धाग्यावर, न लिहिणं मला जमणार नाही. माझे आजोबा तूर-ज्वारीच्या बांधानं अंबाडीची ओळ लावायचे. भाजी आजीची, वाख त्यांचा, आणि ऑगस्टात दोघांची भांडणं, कारण आजीनं शेंडा खुडला की झाडाला फांद्या फुटतात आणि वाखाला सरळ, बिनफांदीचं खोड लागतं. शेवटी बांधाची एक बाजू तिची, एक त्यांची अशी वाटणी झाली होती. आजोबांची कापणीची खूण अशी: खालची फुलं उमललेली, शेंड्याला अजून कळ्या. तेव्हाचा वाख मऊ आणि लांब. बोंडं भरेपर्यंत ठेवलं तर वाख राठ होतो आणि काडीवरून नीट सुटत नाही. कापून दोन दिवस पानं गळू द्यायची, पेंढ्या बांधायच्या आणि ओढ्याच्या डोहात दगड ठेवून बुडवायच्या. उन्हाळी ऊब असेल तर दहा-बारा दिवस, थंडी पडली असेल तर तीन आठवडेही. ती कुजायची वेळ ओळखणं ही कापणीपेक्षा अवघड कला. आजोबा रोज एक काडी काढून बुडाकडून साल ओढत. साल काडीवरून मोज्यासारखी सुटून आली की त्याच दिवशी सगळ्या पेंढ्या बाहेर. एक दिवस जास्त झाला तरी वाखच कुजतो, पीळ घालताना तुटतो. त्या डोहाच्या पाण्याला असा वास सुटायचा की म्हशीसुद्धा तोंड फिरवत, आणि मासे मरायचे. म्हणून प्यायच्या पाण्यात अंबाडी टाकली की गावात तंटा ठरलेला. त्या वाखाचे कासरे, दावी, शिंकी, सगळं घरी वळायचे. नायलॉनचा दोर आला आणि हे सगळं पाच-सात वर्षांत बंद पडलं. तुम्हाला हौस असेल तर न मोडलेली तीन-चार झाडं राखा आणि जुन्या पिंपात बुडवून बघा. पिंप गच्चीच्या लांबच्या टोकाला ठेवा, नाहीतर शेजारी या वेळी खरोखरच तक्रार करतील.

मध्येच पिठ्या ढेकूण लागेल, जास्वंदीवर येतो तोच पांढरा कापसासारखा. पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धुवा, नाही गेला तर कडुनिंबाचं तेल. फवारल्यावर आठवडाभर भाजी खुडू नका.

बियाला दोन झाडं सोडा, शेंडा न मोडलेली, एकमेकांपासून लांब. पानं गळून खोड तपकिरी पडलं आणि बोंड हलवल्यावर खुळखुळ वाजलं की बी तयार. सगळी बोंडं एकदम वाळत नाहीत, खालची आधी, वरची नंतर. खालची फुटून बी सांडायच्या आत तोडायची असतील तर सकाळी दव असताना तोडा. त्या वेळी बोंडं मऊ असतात. हातमोजे घाला, बोंडावरची लव बोटांत रुतते आणि दिवसभर खाजते. उन्हात वाळवून कापडी पिशवीत ठेचा आणि सुपात पाखडा. करड्या-तपकिरी, तिरक्या कोपऱ्यांच्या बिया मिळतील. पुढच्या जूनसाठी त्या बरणीत ठेवा, आणि एक मूठ आजींना नेऊन द्या. त्यांचं बी संपलं असेल, कारण त्या भेटेल त्याला वाटत असतात.